ममाचं चोख नाव

लॅटरीस गूल्सबी नऊ वर्षांची असताना तिच्या नावावर विजेचं पहिलं बिल आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. टोलीडो शहराच्या त्या बाजूला हे सगळ्यांकडेच चालायचं. बापाच्या नावावरची वीज तुटली की आईच्या नावावर घ्यायची, आईची तुटली की पोराच्या. पोराला सरकारी नंबर जन्मतःच मिळतो, आणि फोनवरच्या बाईला नंबर मिळाला की झालं, वय विचारायला तिला कुठे सवड! शाळेत यावरून चिडवाचिडवी चालायची. मार्कीस म्हणून एक शेंबडा पोरगा होता, त्याच्या नावावर केबल टीव्ही होता. त्याचा रुबाब काय सांगावा! लॅटरीसच्या नावावर नुसती वीज आणि गॅस, म्हणून ती त्याच्यापुढे गप्प बसायची.

तिच्या आईचं, वर्नेलचं, एकच वेगळं होतं. बाकीच्या आया स्वतःचं नाव बुडाल्यावर पोरांच्या नावाला हात घालत. वर्नेलने स्वतःच्या नावाला कधी ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. जे बिल भरता येईल ते तिच्या नावावर, जे बुडणार हे आधीच दिसतंय ते लेकीच्या. असं करत करत तिने स्वतःची पत इतकी चकचकीत ठेवली की लॅटरीस चौदाची झाली तेव्हा बँकेने वर्नेलला घरासाठी कर्ज दिलं. गल्लीत स्वतःचं घर घेणारी ती पहिली एकटी बाई. चर्चमध्ये पास्टरांनी तिला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. लॅटरीसनेही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

पुढे लॅटरीस एकवीस वर्षांची झाल्यावर तिच्या नावावर सोफा आला. मोतिया रंगाचा, तीन भागांचा, हप्त्यांवर. सही वर्नेलनेच ठोकली. लेकीची सही तिला लेकीपेक्षा झकास यायची. चार हप्ते भरले आणि बाईने हात झटकले. सोफ्यावरचं प्लास्टिक मात्र अजून काढलेलं नाही. पास्टर आले तरच त्यावर बसायचं. म्हणजे बघा, सोफा जिच्या नावावर बुडाला तिलाच त्यावर बसायची बंदी! चोरांची दुनिया म्हणतात ती काय वेगळी असते?

चोविसाव्या वर्षी लॅटरीसने पहिल्यांदा स्वतःहून एक क्रेडिट कार्ड मागितलं. बँकेने नाही म्हटलं. दुसऱ्या बँकेने नाही म्हटलं. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाचं कार्ड कुत्र्यामांजरालाही मिळतं म्हणतात, त्यांनीही नाही म्हटलं. तिला कार्डाची हौस नव्हती. तिला भाड्याचं घर हवं होतं. आईच्या घराच्या तळघरात, पाणी तापवायच्या टाकीशेजारी, ती आणि तिची लेक किया एका पलंगावर झोपत. कियाचा बाप कोलंबस शहरात गेला तो तिकडचाच झाला. तळघरासाठी लॅटरीस दर महिन्याला आईला भाडं द्यायची, आणि ते बरंचसं घराच्या हप्त्याइतकंच भरायचं. दुसरीकडे घर मागायला जावं तर मालक आधी क्रेडिट स्कोअर, म्हणजे बिलं वेळेवर भरल्याचे गुण बघणार, आणि स्कोअर वाढवायचा तर कार्ड घेऊन ते नेमाने फेडून दाखवायला हवं. कार्ड मिळायला मात्र स्कोअर हवा. अशी ही सगळी गंमत.

लॅटरीस डायलिसिसच्या पेशंटांची व्हॅन चालवायची. आठवड्यातून तीनदा ती मिस्टर पर्सेलना घरातून उचलून केंद्रावर न्यायची. म्हातारा एके काळी गाड्यांच्या शोरूममध्ये कर्ज मंजूर करायच्या टेबलावर बसायचा.

"जन्मभर लोकांना नाही म्हणत आलोय मी," तो अभिमानाने सांगायचा. "धडधाकट बाप्ये रडायचे माझ्यासमोर. तुझा स्कोअर किती?"

"पाचशे एक."

"अरे देवा! पोरी, मेलेल्या माणसाचा याच्याहून जास्त असतो. एवढं केलंस तरी काय?"

"काही नाही. एका सोफ्यावर बसले नाही."

तिने सगळं सांगितलं. म्हातारा हसला नाही. व्हीलचेअरचे पट्टे ओढून बघत म्हणाला, "पोलिसात जा. अर्ध्या तासाचं काम आहे. आईने न विचारता माझं नाव वापरलं, असं लिहून द्यायचं आणि सही करायची. तो कागद दाखवला की सगळी घाण धुऊन निघते."

"आणि ममाचं काय?"

"ममाचं ममा बघेल."

"तुम्ही गेला असतात तुमच्या आईविरुद्ध?"

"माझी आई मला पट्ट्याने फोडून काढायची," मिस्टर पर्सेल म्हणाले. "पण वीज तिच्याच नावावर होती."

लॅटरीसने मान हलवली. आईला पोलिसात द्यायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? हीच आई कियाला रोज शाळेतून आणायची, तिच्या केसांच्या वेण्या घालायची, तापात रात्रभर उशाशी बसायची. तेव्हा म्हाताऱ्याने दुसरा रस्ता सांगितला. बँकेत तीनशे डॉलर ठेवायचे, बँक ते कुलपात घालते आणि तीनशेचंच कार्ड देते.

"म्हणजे माझेच पैसे मलाच उसने?"

"हो. आणि वर वर्षाची फी."

"हा कुठला न्याय?"

"तुझ्यावर आमचा काडीचा विश्वास नाही, हे बँक तुला तुझ्याच पैशाने सांगते. ऐकून घ्यायचं. दोनेक वर्षं मुकाट्याने ऐकून घेतलंस तर विश्वास बसायला लागतो."

लॅटरीसने ऐकून घेतलं. दोन वर्षं तिने त्या कार्डावर पेट्रोलाखेरीज काही घेतलं नाही. पेट्रोल भरायचं, आणि गाडी घरी पोचायच्या आत फोनवरून ते पैसे फेडून टाकायचे. वाढदिवसाला कियाने गुलाबी सायकल मागितली, कार्ड खिशात होतं, पण लॅटरीसने तिला जुन्या बाजारातली निळी घेऊन दिली आणि स्वतःच रंगवली. रंग पोपडे धरून निघाला. किया म्हणाली, "चालेल गं." सहा वर्षांची पोर चालेल म्हणते तेव्हा आईच्या काळजाला घरं पडतात. पण स्कोअर चढत होता. पाचशे चाळीस. पाचशे नव्वद. मध्ये एकदा कारण नसताना अकराने घसरला, तेव्हा लॅटरीस व्हॅनमध्ये बसून बँकेला अशा शिव्या घालत होती की मागचे मिस्टर पर्सेल ओरडले, "अगं, माझं रक्तदाबाचं यंत्र बंद पडेल!"

जुलैत तिला घर सापडलं. लॅग्रेंज स्ट्रीटच्या पलीकडे मिसेस नोवात्स्की म्हणून एक पोलिश म्हातारी होती, तिचा वरचा मजला. दोन खोल्या, स्वतंत्र जिना, आणि कियासाठी एक कोनाडा, ज्यात छोटा पलंग बसत होता. म्हातारीला लॅटरीस आवडली, कारण लॅटरीसने आत येताना बूट काढले.

"माझं काही म्हणणं नाही गं," मिसेस नोवात्स्की म्हणाली. "पण माझा मुलगा हे सगळं संगणकावर बघतो. सहाशे चाळीस हवेत. त्याच्याखाली तो ऐकत नाही, माझंसुद्धा. सप्टेंबर लागेपर्यंत मी कुणाला देत नाही, जा."

लॅटरीसचे होते सहाशे एकवीस.

आता एकच उपाय राहिला होता, आणि तो घरातच होता. वर्नेलकडे वीस वर्षं जुनं कार्ड होतं. तिने त्यावर कधी एक हप्ता चुकवला नव्हता. बँक महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी प्रत्येकाची थकबाकी वर, स्कोअर ठरवणाऱ्यांना कळवते. तो दिवस उजाडायच्या आधी वर्नेल कार्ड धुतल्या ताटासारखं स्वच्छ करून ठेवायची. अशा कार्डावर दुसऱ्या कुणाचं नाव जोडलं की त्या नावालाही वीस वर्षांची अब्रू आयती मिळते. इकडे बरेच आईबाप पोरांसाठी एवढं करतात. पोराच्या हातात कार्ड द्यायचीही गरज नसते.

लॅटरीसने स्वयंपाकघरात विषय काढला. वर्नेल मोहरीचा पाला निवडत होती. तिने पाल्यावरून नजर हलवली नाही.

"माझ्या नावाशेजारी तुझं नाव?"

"नुसतं कागदावर, ममा. दोन महिने. कार्ड आलं की तूच कात्रीने काप."

"हे नाव मी कसं जपलंय तुला ठाऊक आहे? दोन-दोन नोकऱ्या केल्यात. ज्याची पत बुडाली अशा माणसाला मी माझ्या नावाला हात लावू देत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. हा माझा नियम आहे, सगळ्यांना सारखा."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण त्या इतक्या सभ्य आवाजात असतात हे लॅटरीसला माहीत नव्हतं.

"ममा, माझी पत कुणी बुडवली?"

"बुडवली म्हणे!" वर्नेलने पाला पाण्यात दडपला. "तुला उबेत ठेवली त्याला बुडवणं म्हणतात होय? हिवाळ्यात शेजारची पोरं अंगावर कोट घालून झोपायची. तू झोपलीस कधी? जा, कियाला हाक मार, जेवण तयार आहे."

त्यानंतर लॅटरीसने जे केलं ते चांगलं नव्हतं. तिने आईला चारचौघांत गाठलं. चर्चच्या वार्षिक महिला दिनाची तयारी चालली होती आणि वर्नेल समितीची अध्यक्ष होती. दर मंगळवारी सहा-सात सिस्टर, म्हणजे चर्चमधल्या बायका, घरी जमायच्या, पीचचा केक खायच्या आणि हॉल कुठला, टोप्या कुठल्या, यावर भांडायच्या. त्या मंगळवारी लॅटरीस कॉफी घेऊन आली, आणि कप ठेवता ठेवता अगदी गोड आवाजात म्हणाली, "सिस्टर आयडेल, तुम्ही सगळ्या आहात म्हणून सांगते. ममा मला तिच्या कार्डावर घेतेय. मला आणि कियाला घर मिळावं म्हणून. मला तर रडूच येतंय."

खोलीत नुसता कल्लोळ झाला. "आई असावी तर अशी!" "देव भलं करो!" सिस्टर आयडेलने तर हात वर करून तिथेच प्रार्थना सुरू केली. वर्नेलच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तिने लेकीकडे एकदा पाहिलं. मग घास गिळला आणि हसली.

"लेकरासाठी नाही करायचं तर कुणासाठी करायचं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने खरंच बँकेला फोन केला. ऑगस्ट लागताच लॅटरीसने व्हॅनमध्ये फोन उघडला आणि किंचाळली. सहाशे अडुसष्ट! मिस्टर पर्सेल म्हणाले, "आता तू जिवंत माणसांत आलीस." तिने त्याच संध्याकाळी कियाला तो कोनाडा दाखवायला नेलं. किया कोनाड्यात आडवी झाली, दोन्ही हात पसरून भिंतींना लावले आणि उठायलाच तयार होईना. मिसेस नोवात्स्कीने तिला खसखशीचा रोल दिला.

"मुलगा महिनाअखेरीला गावाहून येतोय," म्हातारी म्हणाली. "आला की बघेल आणि किल्ली देईल. सामान बांधायला घे."

लॅटरीसने सामान बांधायला घेतलं. तिने खोकी आणली, कियाच्या उन्हाळी कपड्यांचं एक खोकं भरलं, त्यावर मोठ्या अक्षरांत नावही घातलं. वर्नेल जिन्यावर उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "टाकीशेजारचा तो पलंग हलवलास तर मला तिथे काहीतरी ठेवावं लागेल. रिकामं बरं नाही दिसत." लॅटरीसला वाटलं, आई आता नमतेय. दुखतंय तिला, पण नमतेय. त्या रात्री तिला आईची दयासुद्धा आली.

मिसेस नोवात्स्कीचा फोन आला तेव्हा लॅटरीस केंद्राबाहेर उभी होती.

"पोरी, काय झालं गं? मुलगा म्हणतो पाचशे चौऱ्याहत्तर."

"चुकीचं बघितलं असेल त्यांनी."

"दोनदा बघितलं. मीच बघायला लावलं. तो म्हणतो, एका कार्डावर जवळजवळ सहा हजार थकलेत, कार्ड गळ्यापर्यंत भरलंय. तू मला सांगितलं नाहीस." म्हातारीचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "एक जोडपं आहे, ते उद्याच पैसे भरतायत. मी तरी किती थांबू?"

लॅटरीसने व्हॅनमध्ये बसून बघितलं. तिच्या स्वतःच्या कार्डावर पेट्रोलचे एकोणीस डॉलर. आणि ममाच्या कार्डावर हॉल, जेवण, दीडशे माणसांच्या खुर्च्या-टेबलं, फुलं. महिला दिनाची सगळीच्या सगळी मेजवानी. पत आयती मिळते तशी थकबाकीही आयतीच मिळते. आईच्या नावाशेजारी नाव लागलं म्हणजे आईच्या ओझ्याखालीही नाव लागलं.

घरी आली तेव्हा वर्नेल टेबलाशी बसून शेंगा मोडत होती. किया अंगणात सायकल फिरवत होती.

"मेजवानी कार्डावर का टाकलीस?"

"मग? हॉलवाला काय माझ्या तोंडाकडे बघून हॉल देणार होता?"

"दरवर्षी चर्चचा चेक जातो."

"यंदा चेकला उशीर झाला. मी अध्यक्ष आहे. करावं लागतं. आणि भरले की मी ते पैसे. चर्चचा चेक आला, काल भरून टाकले. पै न् पै."

"काल!" लॅटरीसचा आवाज चढला. "बँकेने वर कळवलं ते सोमवारी. वीस वर्षं, ममा, वीस वर्षं तू तो दिवस चुकवला नाहीस. आजीच्या मयतीच्या दिवशीसुद्धा आधी बँकेत गेलीस आणि मग दफनाला आलीस. आणि नेमकं आत्ता?"

"माणूस विसरतो."

"तू विसरतेस?"

वर्नेल शेंगा मोडत राहिली. एक, मग दुसरी. मग तिने हात पुसले.

"त्या नोवात्स्कीच्या खिडकीतून काय दिसतं? गॅरेज दिसतं. इथे तुला काय खुपतंय?"

"तुला माहीत होतं."

"हो, माहीत होतं," वर्नेल म्हणाली. "सगळं माहीत होतं. सिस्टरांसमोर मला कोंडीत पकडलंस तेव्हा तुला वाटलं, ममाला कळत नाही? मी तुला कार्डावर घेतलं, दिलेला शब्द पाळला. पुढचं काही मी बोलले नव्हते."

"किया त्या कोनाड्यात झोपून आलीय, ममा."

"मग? मी हे घर कशासाठी घेतलं? एकटीने भिंतींशी बोलायला? तुझं नाव वापरलं, वापरलं! एकीचं नाव जाणारच होतं. तुझं गेलं म्हणून माझं राहिलं, माझं राहिलं म्हणून डोक्यावर छप्पर आलं. नऊ वर्षांच्या पोरीला बँक घर देणार होती का? त्या छपराखाली वाढलीस, तुझं लेकरू इथे रांगलं, आणि आता पंख फुटल्यावर म्हणतेस, चालले. संध्याकाळी या टेबलावर मी कुणासाठी ताट मांडू?"

तिने मनगटाने डोळे पुसले. लॅटरीसने आईला असं फार कमी वेळा बघितलं होतं, आणि तरीही त्या क्षणी तिला तिचा संताप संताप आला.

"मग तोंडाने सांगायचं होतंस. थांब म्हणायचं होतंस मला."

"थांबली असतीस?"

लॅटरीसने खोटं बोलायचा विचार केला. जमलं नाही.

"नाही."

"मग?" वर्नेल म्हणाली, आणि शेंगा धुवायला उठली.

शुक्रवारी सकाळची फेरी संपवून लॅटरीस पोलीस ठाण्यात गेली. आदल्या दोन रात्री ती झोपली नव्हती. काउंटरवर एक जाडजूड हवालदार होता, चष्मा कपाळावर चढवलेला. असे अर्ज त्याने खूप बघितलेले दिसत होते, कारण त्याने काही विचारायच्या आधीच योग्य कागद बाहेर काढला.

"कुणी केलं ते माहीत आहे?"

"वर्नेल गूल्सबी."

"नात्यातली?"

"आई."

त्याने मान हलवली, जणू त्यालाही हेच अपेक्षित होतं. "बाई, एक समजून घ्या. तुम्ही सही केलीत की हे तुमच्या हातात राहत नाही. तपासवाले सोमवारी तिला बोलावतील. पुढे काही होईल, कदाचित होणारही नाही. पण तिचं नाव आमच्याकडे चढेल, आणि ते मग पुसता येत नाही. समजलं?"

"समजलं."

"तिचा पत्ता?"

तिने सांगितला.

"तुमचा?"

"तोच."

हवालदाराचं पेन थांबलं. त्याने चष्मा डोळ्यांवर आणला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मग आज रात्री झोपणार कुठे?"

"तळघरात. तिथेच झोपते मी."

त्याने कागद पुढे सरकवला. लॅटरीसने सही केली. स्वतःचीच सही, पण ती कुणा दुसऱ्याने केल्यासारखी दिसली. तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. सगळी घाण धुऊन निघते, असं मिस्टर पर्सेल म्हणाले होते. हलकंबिलकं काही वाटलं नाही. बाहेर येऊन ती पाणी प्यायली आणि पेशंट आणायला गेली.

दुपारी मिस्टर पर्सेलना घरी सोडताना फोन वाजला. गाडी चालवत होती म्हणून तो तिने तसाच गाडीच्या स्पीकरवर घेतला.

"कियाला आणलं गं," वर्नेल म्हणाली. मागून कियाचं गाणं ऐकू येत होतं. "आज शुक्रवार ना, मासे आणलेत. ताजे आहेत, डोळे बघून घेतले. तुझा राग गेला की आहे अजून?"

"राग नाही, ममा."

"असला तरी जेवायचं असतं. तुला किती तळू? दोन?"

"दोन."

"मक्याच्या पिठात घोळवून, तुला आवडतात तसे. आणि ऐक, रविवारी मेजवानीला कियाला तो पिवळा फ्रॉक घाल. तुम्हा दोघींच्या खुर्च्या मी पुढच्या टेबलावर ठेवल्यात, माझ्या दोन्ही बाजूंना. पास्टर माझ्याबद्दल बोलणार आहेत म्हणे. मला घर कसं मिळालं ते सांगणार आहेत सगळ्यांना. तू शेजारी हवीस मला."

"येते ममा," लॅटरीस म्हणाली.

फोन बंद झाला. मागच्या खुर्चीतून मिस्टर पर्सेलनी घसा खाकरला. "सही केलीस ते सांगितलंस तिला?"

लॅटरीसने मान हलवून नाही म्हटलं आणि व्हॅन त्यांच्या दाराशी लावली. सोमवार अजून रात्रीची तीन जेवणं लांब होता.